पाळीचं विमान

नागावच्या माड-पोफळीच्या वाडीचा समुद्राकडचा तुकडा विकला गेला तेव्हा गावाला वाटलं, आता ही मंडळीही इतरांसारखी शहाणी होणार. म्हणजे पनवेलला दोन फ्लॅट घेणार, दारात मोठी गाडी उभी करणार आणि उरलेल्या पैशांत पोरांची लग्नं उरकणार. आजूबाजूला सगळ्यांनी तेच केलं होतं. पण सलिल आणि श्रेयस या दोघा चुलत भावांनी विमान घेतलं. एका इंजिनाचं, चार माणसांचं, दोघांच्याही वयाहून जुनं. गावाने तोंडात बोटं घातली, पोट धरधरून हसून घेतलं आणि मग सवयीने विसरूनही गेलं.

सलिल अलिबागच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. श्रेयस मुंबईकरांचे बंगले बांधून द्यायचा. विमानाचं वेड मात्र दोघांना एकाच वयात, एकाच माडाखाली बसून लागलेलं. चाळिशी उलटल्यावर दोघांनी घाटावरच्या एका क्लबात जाऊन उडवायचा परवाना काढला आणि तिथलंच जुनं विमान विकत घेतलं. ते घेऊन घरी यायला निघाले, घाट ओलांडला आणि ढगांच्या खालून एकदम समुद्र दिसला, तेव्हा हे दोन बाप्ये शाळकरी पोरांसारखे ओरडले होते. सलिलच्या आयुष्यात तेवढा आनंद पुन्हा झाला नाही. आनंद झाला की त्याची किंमत कोण भरणार हा प्रश्न मागोमाग येतोच, तसा तो आला.

विमान ठेवायची सोय होती. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, रोह्याच्या वाटेवर, बंद पडलेल्या एका कारखान्याची धावपट्टी होती. मालकाने स्वतःच्या येण्याजाण्यासाठी बांधलेली. कारखाना गेला, मालक गेला, पट्टी आणि पत्र्याची एक शेड मागे राहिली. ती यांनी भाड्याने घेतली. प्रश्न होता तो सांभाळायचं कोणी हा.

उत्तर भाऊंनी दिलं. भाऊ म्हणजे श्रेयसचे वडील, सलिलचे काका. सलिलचे वडील तो लहान असतानाच गेले, तेव्हापासून दोन्ही पोरं भाऊंनीच वाढवली. शाळेची फी असो की आंब्याची फोड, भाऊंनी कधी माझा-तुझा केला नाही. "त्यात विचार काय करायचा?" ते म्हणाले. "पाळी लावा."

त्या घरात सगळं पाळीने चालायचं. वाडी आजोबांपासून सामायिक, कधी वाटणी झाली नाही. एक गुढीपाडवा ते दुसरा पाडवा वाडी भाऊंच्या घराकडे, पुढच्या पाडव्याला सलिलच्या घराकडे. ज्याची पाळी त्याचे नारळ, त्याची सुपारी, आणि खर्चही त्याचाच. गणपती पाळीने, कुलदैवताचा उत्सव पाळीने. शेजारच्या घरात सख्खे भाऊ कुंपणाच्या तारेवरून कोर्टात गेले, पण आमच्याकडे कधी आवाज चढला नाही, असं भाऊ छाती काढून सांगायचे.

खरंच चढला नव्हता. पण पाळीवाल्या वाडीची एक गंमत असते आणि ती कोणी बोलून दाखवत नाही. माडाला आज खत घातलं तर त्याचा नारळ पुढच्या वर्षी लागतो, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीत. मग खत घालतो कोण? विहिरीचा चिरा ढासळला तर पाडव्यापर्यंत ढासळलेलाच बरा. आपल्या वर्षात काढायचं तेवढं काढून घ्यायचं, दुखणं लांबवायचं आणि पाडव्याला हसतमुखाने वाडी दुसऱ्याच्या हवाली करायची. दोन्ही घरांनी पिढ्यानपिढ्या हेच केलं. माड शेंड्याकडे बारीक होत गेले, पण भांडण झालं नाही. भांडण नाही याचं त्या घराला इतकं कौतुक, की वाडी हळूहळू मरतेय हे बघायला कोणी मान वर केली नाही.

विमानही तसंच पाळीला लागलं. देवघरातल्या कोनाड्यात विमानाची चावी ठेवायची, पाडव्याला भाऊंनी ती ज्याची पाळी त्याच्या हातात द्यायची. मग वर्षभर उडवायचा पहिला हक्क त्याचा आणि दुरुस्तीही त्याचीच.

माड निदान मुका असतो, सोसतो. जुनं विमान सोसत नाही. ते नुसतं उभं राहिलं तरी बिघडतं. इंजिन बसून राहिलं की आतला तेलाचा थर उतरतो आणि लोखंडाला गंज धरतो. खाऱ्या वाऱ्यात फिरून आलं की गोड्या पाण्याने धुवावं लागतं. पावसाळ्यात शेडमध्ये ओल साचते, उंदीर वायरी खातात, गांधीलमाश्या हवेच्या नळीत घरं करतात. इंजिनातला एखादा भाग बदलायचा म्हटलं तर तो परदेशातून येईपर्यंत अर्धं वर्ष जातं. अर्धं वर्ष म्हणजे अर्धी पाळी. तेव्हा जे आज चालतंय ते चालू द्यावं, हा हिशेब दोघांनी न बोलता मान्य केला होता.

वार्षिक तपासणीला मुंबईहून एक म्हातारे इंजिनिअर मांडव्याच्या बोटीने यायचे. त्यांची नजर अधू झाली होती, पण जिभेची चव शाबूत होती. दुपारी तळलेलं पापलेट आणि संध्याकाळी परतीची बोट मिळाली की त्यांच्या लेखी विमान ठणठणीत. दोघे भाऊ त्यांना पापलेट कमी पडू देत नसत.

तरी सलिल विमानावर जीव टाकायचा, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्याच्या पाळीत दर रविवारी तो लेकीला, इराला, शेजारी बसवून उडायचा. कोर्लईचा दीपस्तंभ, रेवदंड्याचा कोट, भरतीच्या पाण्यात उभा कुलाबा किल्ला. इरा खालची घरं ओळखायची आणि ओरडून सांगायची. श्रेयसच्या पाळीत मात्र विमान बहुतेक शेडमध्येच असायचं. कधी साईटवर काम, कधी वारा, कधी पाठ दुखतेय. त्याचा मुलगा स्वराज हट्ट करायचा, तर श्रेयस त्याला क्रिकेटची नवी बॅट आणून द्यायचा. "तुला विमानापेक्षा विमानाचा फोटो आवडतो," सलिल त्याला चिडवायचा. श्रेयस हसायचा आणि विषय बदलायचा.

गेल्या दिवाळीत, सलिलच्या पाळीत, तो विमान धूत होता. हे काम तो दुसऱ्याला करू देत नसे. उजव्या पंखाच्या बुडाशी, जिथे पंख अंगाला जोडतो तिथे, खालच्या बाजूला रंगाला फोड आलेला दिसला. नखाने टोकरला तर पापुद्रा निघाला आणि बोटाला पांढरी भुकटी लागली. ॲल्युमिनियम तांबडं गंजत नाही, ते असं भुकटी होऊन सुटतं. पदार्थविज्ञानाच्या मास्तरला हे कोणी सांगायला नको होतं. बाहेरच्या पत्र्याची ही दशा असेल तर आतल्या मुख्य दांड्याची काय असेल, हेही त्याला कळलं. पंख त्या दांड्याच्या जिवावर टिकतो.

दांडा बघायचा तर एक छोटं झाकण उघडायचं होतं. सलिलने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत खाली ठेवला. उघडलं की दिसणार आणि दिसलं की करावं लागणार. पंख उतरवायचा, दांडा बदलायचा, विमान किती महिने जमिनीवर राहील देव जाणे, आणि हे सगळं त्याच्या पाळीत. पाडवा आता फार लांब नव्हता.

त्याने रंगाची छोटी डबी आणली आणि फोडावरून हात फिरवला.

त्यानंतर तो उडाला नाही. इराला म्हणाला, दहावीचं वर्ष आहे, पुस्तकं उघड. इरा रुसली, दोन दिवस बोलली नाही. तिच्या रुसण्याचं त्याला बरंच वाटलं, कारण रुसलेली पोर निदान जमिनीवर होती. श्रेयसला सांगू, असं तो रोज स्वतःला बजावायचा. पाडवा झाला की सांगू. पाडव्यानंतर सांगण्यात त्याचं काही जाणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याची लाजही वाटत होती, पण ती गिळता येण्यासारखी होती.

पाडव्याला सगळे भाऊंकडे जेवायला जमले. भाऊंनी कोनाड्यातली चावी काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि श्रेयसच्या हातात दिली. श्रेयस चावी बोटात फिरवत म्हणाला, "उद्या स्वराजला एक चक्कर मारून आणतो. किती दिवस मागे लागलाय."

स्वराजने जेवता जेवता उडीच मारली. सलिलचा श्रीखंडाचा घास तोंडात तसाच राहिला.

श्रेयस त्याच्याकडेच बघत होता. "काय रे, जाऊ ना? तुझं काही म्हणणं?"

सलिलने घास गिळला. आता सांगावं तर सगळ्यांसमोर विचारणार, तुला कधीपासून ठाऊक होतं. भाऊ समोर बसलेले. भरल्या ताटावर, सणाच्या दिवशी. तो म्हणाला, "जा की. तेल तेवढं बघून घे."

दुसऱ्या दिवशी तो पडवीत बसून राहिला. फोन वाजला की तो आधी कोणाचा ते बघायचा. श्रेयस उडण्याआधी नीट तपासून बघेलच, तो मनात म्हणत होता. बघायला हवंच, पाळी आता त्याची आहे. दुपारनंतर त्यालाच राहवेना. त्याने फोन केला, तर श्रेयस म्हणाला, "नाही गेलो रे. वारा होता."

वारा नव्हता. माडाची झावळीही हलत नव्हती. पण सलिलने तिकडे लक्ष दिलं नाही. त्याचा जीव भांड्यात पडला होता, आणि शरम वाटायच्या ऐवजी त्याला सपाटून भूक लागली.

वैशाखात भाऊंचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. भाऊ काठी टेकत सलिलच्या घरी आले आणि पडवीच्या पायरीवर बसले. "मला शाल नको, सत्कार नको," ते म्हणाले. "वाडी एकदा वरून बघायचीय. तेवढी दाखवा म्हणजे झालं. श्रेयसला सांगून थकलो. कधी म्हणतो वारा, कधी म्हणतो परवानगी मिळत नाही. तू ने मला."

"पाळी श्रेयसची आहे, भाऊ."

"मी पाळी विचारत नाहीये. तुला विचारतोय."

सलिलने मान खाली घातली. ज्या माणसाने त्याला खांद्यावर बसवून जत्रेत नेलं होतं, त्याला तो त्या पंखाच्या भरवशावर वर नेऊ शकत नव्हता, आणि का नेऊ शकत नाही हे सांगूही शकत नव्हता. "आधी इंजिनिअरला दाखवून घेऊ," तो कसाबसा म्हणाला. "जुनं विमान आहे, तुम्ही बसणार, उगाच जोखीम नको."

"बाकीचे बसत होते तेव्हा नव्हती जोखीम?" भाऊ म्हणाले. ते सहजच बोलले होते. पण उठताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन्ही पोरांना आपण नकोसे झालोय, असं ते धरून चालले होते. हे सलिलला दिसलं, आणि तरीही तो गप्प राहिला.

इंजिनिअरला भाऊंनी स्वतःच बोलावलं. श्रेयस म्हणत होता, कशाला, तपासणी झालीय की, पण भाऊ हट्टाला पेटले होते. ते अधू नजरेचे गृहस्थ एव्हाना घरी बसले होते. त्यांच्या जागी विनेश नावाचा तिशीचा इंजिनिअर मांडव्याला उतरून भाड्याच्या गाडीने आला. त्याला पापलेट विचारलं तर म्हणाला, मी शाकाहारी आहे. श्रेयस भाऊंना घेऊन आला होता, सलिल आपल्या गाडीने.

विनेश पंखाखाली आडवा झाला. त्याने बोटाने पत्रा वाजवून बघितला, मग झाकण उघडायला घेतलं. शेडमध्ये उकडत होतं. सलिल एका बाजूला, श्रेयस दुसऱ्या बाजूला, भाऊ मधे खुर्चीवर. झाकण निघालं. विनेशने बॅटरी आत मारली, हात घातला आणि आतून काहीतरी उकरायला लागला.

"हे कोणी केलं?" त्याने विचारलं.

सलिलला वाटलं, रंगाचं विचारतोय. तो तोंड उघडणार तेवढ्यात विनेशने हात बाहेर काढला. त्याच्या तळहातावर घट्ट झालेल्या लांबीचा एक मोठा तुकडा होता. खिडकीच्या चौकटीतली भोकं बुजवायला सुतार भरतात तीच लांबी. वरून चंदेरी रंग दिलेला.

"दांडा आतून खाल्लाय," विनेश म्हणाला. "आणि वरून लांबी भरून रंग मारलाय. हे आत्ताचं नाही, लांबीला चिरा पडल्यात. दीड-दोन वर्षं तरी झाली असतील. यात कोणी उडत होतं का?"

सलिलने आतलं झाकण कधी उघडलंच नव्हतं. त्याने फक्त बाहेरचा फोड झाकला होता. मग त्याला ते सगळं एकदम उमगलं. श्रेयसची पाठदुखी, श्रेयसचा वारा, श्रेयसची साईट. स्वराजची बॅट. दीड वर्षापूर्वी पाळी श्रेयसची होती. त्यानंतरच्या पाडव्याला श्रेयसने हसतमुखाने चावी सोडली, आणि सलिलने पहिल्याच रविवारी इराला शेजारी बसवलं.

भाऊ खुर्चीतून उठले होते. "श्रेयस, ही तुझ्या साईटवरची लांबी?"

श्रेयसने नजर खाली वळवली.

"तुला ठाऊक होतं?" भाऊंचा आवाज फाटला. "इरा बसत होती त्यात. दर रविवारी बसत होती. तुला ठाऊक होतं?"

श्रेयस जमिनीकडे बघत म्हणाला, "पाळी त्याची होती, भाऊ. मला वाटलं, तो उघडून बघेल."

सलिलने त्याची गचांडी धरली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात कोणी कोणावर हात टाकला. त्याच्या डोळ्यांसमोर इरा होती, कोर्लईवरून वळताना पंखाकडे झुकून खाली बघणारी. याला मारून टाकावं, असं त्याला अगदी स्वच्छ वाटलं. "माझी पोर होती रे त्यात," तो ओरडला. "तुझ्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर!"

श्रेयसने हात सोडवला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "पाडव्याच्या आधी मी इथे आलो होतो. पंखाखालचा ताजा रंग बघितला. म्हटलं, याला कळलंय. म्हणून जेवताना बोललो, स्वराजला नेतो. मला बघायचं होतं, तू तोंड उघडतोस का."

सलिलची पकड ढिली झाली.

"तू म्हणालास, तेल बघून घे," श्रेयस म्हणाला.

"तू नेणार नव्हतास त्याला," सलिल पुटपुटला. "तुला माहीतच होतं."

"मी नेणार नव्हतो. पण तुला ते माहीत होतं का?"

सलिलचे हात खाली आले. त्याने भाऊंकडे पाहिलं नाही, पाहायचं धैर्यच नव्हतं. विनेश लांबीचा तुकडा हातात घेऊन अवघडल्यासारखा उभा होता. बाहेर टिटवी ओरडत होती. श्रेयसने शर्टाची कॉलर नीट केली. दोघांनाही एकमेकांना शिवी देता येईना. दिली असती ती स्वतःलाच बसली असती.

भाऊ काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा पुतण्याकडे. ज्या घरात आवाज चढत नाही म्हणून ते जन्मभर मिरवले, त्या घराचं पोट आज त्यांना उघडं दिसलं होतं. ते रडले नाहीत, रागावलेही नाहीत. विनेशकडे वळून म्हणाले, "तुमची गाडी मांडव्याला नागाववरूनच जाईल ना? मला वाटेत सोडा."

विनेश गोंधळला. "काका, घरच्या दोन-दोन गाड्या उभ्या आहेत की."

"त्यांत नको," भाऊ म्हणाले. "रस्त्यात मला काही झालं तर हे दोघं पाळी कोणाची म्हणून एकमेकांची तोंडं बघत बसतील."

ते काठी टेकत बाहेर उन्हात गेले. सलिल दार उघडून द्यायला धावला, मागून श्रेयसही धावला. भाऊंनी दार स्वतःच उघडलं, पुढच्या सीटवर बसले आणि काच वर केली.